भिंत गुण्यात नाही

आमच्या स्वयंपाकघराचा कोपरा काटकोनात नाही, हे मला कळायला सव्वीस वर्षं लागली. ओट्याखालच्या कपाटांना वाळवी लागली म्हणून मिस्त्री आले, जुन्या फळ्या उचकटून झाल्या, आणि त्यांनी पिशवीतून लोखंडी गुण्या काढून खिडकीखालच्या कोपऱ्यात टेकवला. एक बाजू भिंतीला घट्ट चिकटली. दुसरीच्या टोकाशी बोट जाईल एवढी फट. मिस्त्रींनी खरंच तिथे बोट घालून दाखवलं.

"भिंत गुण्यात नाही, ताई."

घरातल्या माणसांना बाहेर बोलावून डॉक्टर जे सांगतात, त्या सुरात.

सव्वीस वर्षं त्याच कोपऱ्यात उभी राहून मी पोळ्या लाटल्या. "मला तर नॉर्मल वाटत होता हो," मी म्हणाले, आणि म्हणताम्हणता माझं मलाच हसू आलं. भाषांतराचं काम करणाऱ्यांना असे शब्द भातातल्या खड्यासारखे दाताखाली येतात. लॅटिन भाषेत 'नॉर्मा' म्हणजे गुण्या. सुताराच्या, गवंड्याच्या, पाथरवटाच्या हातातला हाच काटकोनी गुण्या. त्यावरून झालेलं विशेषण 'नॉर्मालिस', म्हणजे गुण्याला धरून असलेला. एवढाच त्याचा अर्थ. नेहमीचा, चारचौघांसारखा, धडधाकट, ताळ्यावर असलेला, यातलं काहीएक त्या शब्दाच्या पोटात नव्हतं. होते ते नव्वद अंश. आमच्या भिंतीकडे बघून रोमन सुतारानेही मिस्त्रींचंच वाक्य म्हटलं असतं: नॉर्मल नाही.

व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने आपल्या ग्रंथात हा गुण्या बनवायची कृती दिली आहे. तीन, चार आणि पाच फुटांच्या पट्ट्या घ्या, टोकाला टोक जुळवून त्रिकोण करा, झाला गुण्या. ही युक्ती पायथागोरसची, असं सांगून तो पुढे सुतारांना एक चिमटाही काढतो: एवढी खटपट करूनही यांचा गुण्या अचूक होत नाही, तो असा केला तर होतो. मी हे मिस्त्रींना सांगितलं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. घराची आखणी करताना गवंडी दोरीने तीन-चार-पाचच लावतो, म्हणाले, सगळ्यांना माहीत असतं. चिमट्याबद्दल मी बोलले नाही. काम अर्धं व्हायचं होतं.

भूमितीने या शब्दाचा जुना अर्थ आजही सोडलेला नाही. आरशावर पडलेला किरण परावर्तित होतो, तेव्हा आपतन बिंदूपाशी आरशाला लंब असलेली जी रेघ काढतात तिला इंग्रजीत 'नॉर्मल' म्हणतात. आम्ही मराठी माध्यमवाले तिला 'स्तंभिका' म्हणत वाढलो. देवळाच्या गाभाऱ्यात उभी असावी अशी सोज्ज्वळ. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात. सातवी-आठवीत असताना तिने विचारलं होतं, "ही एकच रेघ नॉर्मल, मग बाकीचे किरण काय वेडे आहेत?" तेव्हा मी तिला अभ्यास कर म्हणून गप्प केलं. आज प्रश्न पुन्हा विचारला तर उत्तर देता येईल. हो बाई, गुण्याच्या हिशेबाने बाकीचे वाकडे. इंग्रजीतला 'एनॉर्मस' आणि इटालियन-स्पॅनिशमधला 'एनॉर्मे' हेही त्याच घरातले. नॉर्माच्या बाहेर गेलेला, म्हणून अवाढव्य.

मराठीने माणसाची चाल मोजायला गुण्या घेतला नाही, दोरी घेतली. दोन चपराका बसल्या की पोरगं 'सुतासारखं सरळ' येतं. सुतार हा शब्दही सूत्रधारावरून, म्हणजे दोरीवरूनच आलेला. गुण्या बिचारा कंपासपेटीच्या बाहेर पडलाच नाही. 'गुण्यागोविंदाने नांदणे'मधला गुण्या तो नव्हे. लहानपणी मात्र मला वाटायचं, गुण्या आणि गोविंदा हे दोघे भाऊ असणार, एक सुतार आणि एक गवळी, आणि त्यांचं कधी भांडण होत नसणार.

तर हा काटकोन माणसांच्या अंगाला चिकटला कसा? वाटेत एक शाळा लागते.

१७९४ च्या ऑक्टोबरात, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, फ्रान्सने पॅरिसमध्ये 'एकोल नॉर्माल' काढायचं ठरवलं. व्हिएन्नाकडे त्याआधी वीसेक वर्षं असल्या शाळा निघाल्या होत्याच. कल्पना अशी की देशभरातून निवडून लोक आणायचे, त्यांना शिकवायचं कसं ते शिकवायचं, आणि परत गावोगाव पाठवायचं. म्हणजे ही एक शाळा हाच गुण्या, आणि बाकीच्या शाळा तिला लावून सरळ करायच्या. सुमारे चौदाशे विद्यार्थी जमले. शिकवायला लाग्रांज, लाप्लास, मोंज असे गणिती. इतका थाट, आणि शाळा चालली जेमतेम चार महिने! पुढे नेपोलियनने ती पुन्हा उभी केली, इटलीत पिसा शहरातही तिची शाखा काढली, आणि मग या दोन्ही संस्थांनी त्या शब्दाची अशी काही गंमत केली की बोलायची सोय नाही. पॅरिसच्या नॉर्मालमधून लुई पाश्चर बाहेर पडला, पिसाच्या नॉर्मालेमधून एन्रिको फर्मी. पॅरिसच्या शाळेत प्रवेश मिळवायला पोरं दोनदोन वर्षं रात्रीचा दिवस करतात. थोडक्यात, नॉर्मलमध्ये जायचं तर नॉर्मल असून अजिबात भागत नाही.

अमेरिकेत शिक्षक घडवणाऱ्या अशाच शाळांना 'नॉर्मल स्कूल' म्हणत. इलिनॉय राज्यात १८५७ मध्ये निघालेल्या अशा एका संस्थेवरून गावाचंच नाव १८६५ मध्ये 'नॉर्मल' ठेवलं गेलं. आजही आहे. त्याच राज्यात 'ऑब्लाँग', म्हणजे लंबचौकोन, नावाचंही गाव आहे, आणि नॉर्मलच्या मुलाचं ऑब्लाँगच्या मुलीशी लग्न झाल्याची बातमी कशी छापली गेली असेल यावर तिकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या हसत आले आहेत. काटकोनाचं आणि लंबचौकोनाचं लग्न छत्तीस गुण जुळूनच झालं असणार, पण हा विनोद सुताराशिवाय कोणाला कळायचा नाही.

आपल्याकडे हा शब्द आला तोही बहुधा शाळेच्याच दारातून. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रात पुण्यातल्या मिचेल बाईंच्या 'नॉर्मल स्कूल'चा उल्लेख येतो. पुढे १८६६ मध्ये ब्रिस्टलहून मेरी कार्पेंटर नावाच्या बाई हिंदुस्थानात आल्या आणि शिक्षिका तयार करायला स्त्रियांसाठी नॉर्मल स्कुलं काढा म्हणून सरकारच्या मागे लागल्या. गुण्याची शाळा मागायला आलेल्या बाईंचं आडनाव सुतार! मी ही गोष्ट रचली असती तर संपादकांनी कापली असती.

या शब्दाशी माझी ओळख दोनदा झाली. एकदा मराठीत, जिथे तो बाळंतपणाच्या बातमीतून येतो. आमची आई फोनवर मुलगा की मुलगी हे नंतर विचारायची, आधी विचारायची, "नॉर्मल की सिझर?" दोन्ही शब्द लॅटिनचे आहेत हे तिच्या गावीही नव्हतं. आणि दुसऱ्यांदा जर्मनीत. पुण्यात जर्मन शिकलेल्या शेकडो मुलींसारखीच मी एक. १९९४ साली दोन महिन्यांच्या भाषावर्गासाठी फ्रायबुर्गला गेले होते. वर्गात एक रशियन मुलगी, एक पोलिश, एक डच मुलगा, दोन इटालियन, एक फ्रेंच. बाई रोज सकाळी प्रत्येकाला विचारायच्या, कसं काय? रशियन मुलगी रोज एकच उत्तर द्यायची: "नॉर्माल."

जर्मन भाषेत हे काही उत्तर नव्हे. कसं काय असं विचारल्यावर नॉर्मल म्हणणं म्हणजे आपलं डोकं ठिकाणावर आहे असं कोणी न विचारता जाहीर करणं. बाई गोंधळायच्या. चार दिवसांनी त्यांनी तिला बाजूला घेऊन काही अडचण आहे का म्हणून विचारलं. मग उलगडा झाला. रशियनमध्ये 'नर्माल्ना' हे त्या प्रश्नाचं घरगुती उत्तर आहे. नोकरी लागलेला माणूसही तेच म्हणतो, नोकरी गेलेलाही तेच. मला ते तिथल्या तिथे कळलं, कारण हे आपल्या 'चाललंय'चं सख्खं भावंड. सदाशिव पेठेतल्या एखाद्या काकांना रशियन शिकवायची वेळ आली तर सुरुवात इथूनच करावी.

शब्द सगळ्यांचा एकच, स्पेलिंगही जवळपास एकच, आणि प्रत्येकाच्या घरात त्याला वेगळं काम. इटालियन मुलं कॅफेत 'नॉर्माले' मागायची, तेव्हा कपाच्या तळाशी दोन घोट कडू काळं येईल असा त्यांचा हिशेब असायचा. जर्मन वाढपी भलामोठा मग आणून ठेवायचा. डच मुलगा सांगायचा, लहानपणी आई दिवसातून दहादा ओरडायची, "डू नॉर्माल!" म्हणजे आपलं 'नीट वाग!' फ्रेंच मुलीचे आभार मानले की ती खांदे उडवून म्हणायची, "से नॉर्माल." त्यात काय एवढं! मला हे सगळ्यात आवडलं. मदत करणं हे काटकोनातच आहे, त्याचं कौतुक कशाला. त्याच फ्रेंचांनी २०१२ मध्ये फ्रान्स्वा ओलांदना अध्यक्ष म्हणून निवडून दिलं. आपण 'नॉर्मल अध्यक्ष' होऊ, हे ओलांद यांचं प्रचारातलं वचन होतं. पुढच्या निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत.

पोलिश मैत्रिणीचा 'नॉर्माल्नी' मला बऱ्याच वर्षांनी क्राकूवच्या ट्रामच्या तिकिटावर भेटला. तिकडे 'नॉर्माल्नी' तिकीट म्हणजे आपलं फुल तिकीट. विद्यार्थी, म्हातारे, ज्यांना सवलत मिळते ते सगळे दुसऱ्या रकान्यात. हा न्याय आपल्या एसटीला लावून बघा. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्याआधीच्या वर्षापासून पंच्याहत्तरी उलटलेल्यांना फुकट. उरले मधल्या वयातले पुरुष. तेच तेवढे नॉर्मल. नवऱ्याला हे ऐकवलं तर तो प्रसन्न झाला. इतक्या वर्षांत त्याला हे सर्टिफिकेट कोणी दिलं नव्हतं.

जर्मन लोकांनी मात्र हा शब्द मोजमापाच्या कामाला जुंपला. पेट्रोलपंपावर तेव्हा 'नॉर्माल' आणि 'सुपर' अशा पाट्या असत. रुळांच्या अंतरालाही त्यांच्याकडे 'नॉर्माल' आहे: १४३५ मिलिमीटर. आपली रेल्वे १६७६ मिलिमीटरवर धावते, म्हणजे जर्मन हिशेबाने कन्याकुमारीपासून जम्मूपर्यंत सगळा कारभारच बिघडलेला; पुणे मेट्रो तेवढी १४३५ ची, म्हणून शहाणी. डच लोकांनी तर समुद्रसपाटीचा शून्यच 'नॉर्मल' करून टाकला आहे, 'नॉर्माल अ‍ॅम्स्टरडाम्स पेल'. त्यांचा सुमारे चतुर्थांश देश या नॉर्मलच्या खाली राहतो आणि ट्यूलिप लावतो.

इथवर गंमत आहे. रुळांना, पेट्रोलला, तिकिटाला कोणी काही म्हटलं तरी त्यांना वाईट वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात हा गुण्या हळूहळू माणसांच्या अंगाला लावायला सुरुवात झाली आणि तिथे एक घोटाळा होऊन बसला, तो अजून निस्तरलेला नाही. गुण्या सांगतो ते 'असावं तसं'. सरासरी सांगते ते 'असतं तसं'. मराठीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे क्रियापदच ओरडून सांगतं. नॉर्मल या शब्दात दोन्ही एकाच पांघरुणात झोपल्या आहेत, आणि आपण कोणाला उठवतोय हे आपल्याला कळतही नाही.

तापाचंच बघा. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी सुमारे पंचवीस हजार रोग्यांचं तापमान घेऊन १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला आणि माणसाचं तापमान ३७ अंश सेल्सियस असं सांगितलं. छान गोल आकडा. त्याचं फॅरनहाइट केलं की ९८.६ होतं, आणि त्या दशांशातल्या सहामुळे त्याला असा काही वैज्ञानिक दरारा आला की विचारू नका. आमच्या घरी पाऱ्याचा थर्मामीटर उजेडाकडे धरून वडील गंभीरपणे "नव्व्याण्णव" म्हणाले की शाळा बुडायची. १९९२ मध्ये अमेरिकेत पुन्हा मोजलं तेव्हा सरासरी ९८.२ निघाली, आणि ती सकाळी वेगळी, संध्याकाळी वेगळी. माझ्या बुडालेल्या शाळेबद्दल मला खेद नाही.

पण यातली सगळ्यात नामी गोष्ट नॉर्माची. अमेरिकेत रॉबर्ट डिकिन्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने आणि अब्राम बेल्स्की या शिल्पकाराने मिळून दोन पुतळे केले. सुमारे पंधरा हजार तरुण गोऱ्या अमेरिकन बायकांची मापं घेऊन, त्यांची सरासरी काढून घडवलेली बाई. तिचं नाव 'नॉर्मा'. पुरुषाचं नाव 'नॉर्मन', आणि त्या स्पेलिंगमध्ये एक एम जास्त घातलेला, म्हणजे कोटी कोणाच्या नजरेतून सुटू नये. हे पुतळे क्लीव्हलँडच्या आरोग्य संग्रहालयात ठेवले गेले आणि १९४५ च्या सप्टेंबरात तिथल्या वर्तमानपत्राने स्पर्धा लावली: नॉर्माशी तंतोतंत जुळणारी मुलगी शोधा. ३,८६४ बायकांनी आपली मापं पाठवली. उंची, छाती, कंबर, मांडी, पाऊल, सगळी मिळून नऊ. नऊच्या नऊ मापं जुळणारी एकही निघाली नाही. नऊपैकी पाच जुळणाऱ्यासुद्धा चाळीस भरल्या नाहीत. सगळ्यांची मिळून जी बाई झाली होती ती त्यांच्यातली कोणीच नव्हती! आता एखाद्याने म्हटलं असतं, आपला पुतळा चुकला. तसं झालं नाही. त्यातल्या त्यात जवळच्या मुलीला बक्षीस दिलं, आणि बायकांनी जरा व्यायाम करावा, खाण्याकडे लक्ष द्यावं, असा सूर लावला गेला. भिंती वाकड्या, गुण्या बरोबर.

आपल्याकडे हा पुतळा दरवर्षी जूनमध्ये आभाळात दिसतो. हवामान विभागाच्या लेखी जून ते सप्टेंबर देशाची सरासरी ८७ सेंटिमीटर, आणि त्याच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की वर्ष नॉर्मल. कोकणात ओढे भरून वाहताहेत आणि मराठवाड्यात दुबार पेरणी चालली आहे, अशा वर्षीही बेरीज-भागाकार बरोबर येऊ शकतो. सरासरीएवढा पाऊस कुणाच्या शेतावर पडला, ते मात्र शेत शोधावं लागतं.

हे सगळं मिस्त्रींच्या गुण्यावरून डोक्यात आलं खरं, पण त्याच आठवड्यात एक कागदही आला होता. चाळिशीनंतर दरवर्षी करावी म्हणतात आणि मी पाच वर्षांतून एकदा करते, ती रक्ततपासणी. तीस-पस्तीस ओळी, प्रत्येकीसमोर दोन आकड्यांची चौकट, आणि दोन ओळी ठळक अक्षरांत. ठळक अक्षर बघितलं की पोटात गोळा येतो. मग रात्री बसून मी वाचत गेले, ही चौकट ठरवतात कशी. पुष्कळशा चाचण्यांसाठी निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि त्यातली मधली पंच्याण्णव टक्के घेतात. म्हणजे वीस निरोगी माणसांतलं एक माणूस चौकटीबाहेर पडणार हे चौकट आखतानाच ठरलेलं असतं. आणि एकाच निरोगी माणसाच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर निदान एक तरी ओळ ठळक येण्याची शक्यता शेकडा ६४. सगळ्या ओळी सरळ आल्या तरच शंका घ्यावी! हा हिशेब मी नवऱ्याला आणि मुलीला फार उत्साहाने समजावून सांगितला. दोघंही म्हणाली, डॉक्टरांना दाखव.

डॉक्टरांनी कागद वरून खाली बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. वयाच्या मानाने." शेवटचे दोन शब्द रिपोर्टमध्ये कुठे छापलेले नव्हते.

आकाशातही एक गुण्या आहे. लाकाय नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७५० च्या सुमारास आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जाऊन तारे मोजत बसला होता. तिकडचं उघडंबोडकं आकाश भरायला त्याने बरीच हत्यारं टांगली, त्यात नॉर्मा हा गुण्याही. जून-जुलैत आकाश निवळलं तर रात्री दक्षिणेकडे वृश्चिकाच्या शेपटीच्या खालच्या अंगाला असतो. इतका अंधुक की शहरातून दिसायची आशा नको. गंमत म्हणजे बहुतेक तारकासमूहांत पहिला तारा अल्फा, दुसरा बीटा. नॉर्मात हे दोन्ही नाहीत. पुढे हद्दी ठरवताना ते वृश्चिकाकडे गेले. आकाशातला गुण्याच गुण्यात नाही.

मिस्त्रींनी भिंतीला काही केलं नाही. मी विचारलं, प्लास्टर काढून सरळ करता येईल का? "कशाला? खिडकी हलेल, टाइल फुटेल. भिंत आहे तिथे असू दे." कपाटाचं खोकं त्यांनी घरातल्या दिवाणखान्यात, जमिनीवर, गुण्या लावून एकदम काटकोनात जुळवलं. मग ते उचलून कोपऱ्यात बसवलं. फट राहिलीच. एक लांब पट्टी त्यांनी फटीवर धरली, भिंतीची ओळ पेन्सिलीने पट्टीवर उतरवली, कान भिंतीकडे लावल्यासारखी मान तिरकी करून पुन्हा एकदा बघितलं, आणि करवत चालवली. पट्टी एका टोकाला बोटभर रुंद, दुसऱ्या टोकाला कागदाएवढी. ठोकून बसवली, वर लांबी मारली, त्याच रंगाचा सनमायका.

रुंद टोक तेलाच्या डब्यामागे येतं. डबा उचलला की दिसतं.